निळा माणूस मीच पुसला

अकरा गावांच्या भिंतींवर मी एक निळा माणूस रंगवला आणि पुढच्याच वर्षी तो अकराही ठिकाणी मीच खरवडून काढला. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे पेंटरकीच्या गमती मागितल्या होत्या. चुकलेल्या पाट्या, उलटी लागलेली बॅनरं, मंत्र्यांच्या नावातला राहून गेलेला काना, असलं माझ्याकडे पोतंभर आहे. पण सध्या मी रागात आहे, आणि रागात असलेल्या माणसानं गमती सांगू नयेत. म्हणून त्या निळ्या माणसाचीच हकिकत लिहितो.

आमच्या यवतमाळच्या घरात तीन पिढ्यांची कारकुनी. मी एकटाच ब्रश घेऊन निघालो, त्याची वडिलांना लाज वाटे. पुढे मला एका सरकारी खात्यात चित्रकाराची जागा मिळाली, बसायला टेबल मिळालं, हजेरीपटात नाव लागलं, तेव्हा कुठे त्यांनी नातेवाइकांत माझं नाव काढायला सुरुवात केली. काम होतं शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी तक्ते काढण्याचं, भिंती रंगवण्याचं. बाहेरच्यांना हे काम म्हणजे शाळेतल्या चित्रकलेचा मोठा भाऊ वाटतं. तसं ते नाही. माझं चित्र कोणी दिवाणखान्यात लावत नाही. ज्याला वाचता येत नाही, किंवा वाचायला सवड नाही, त्यानं येता-जाता ते पाहावं आणि शेतात जाऊन योग्य तीच गोष्ट करावी, एवढंच त्या चित्राचं काम. चित्र चुकलं तर माणूस चुकतो, आणि चुकलेल्या माणसाला नंतर सगळे अडाणी म्हणतात. चित्रकाराला कोणी काही म्हणत नाही.

हे मी शिकलो राळेगाव तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर. पाणी उकळून प्या, असा तक्ता होता. विहीर, मग चूल, मग माठ, आणि मध्ये बाण. एका म्हाताऱ्यानं तक्ता बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं की माठावर हा बाण कोणी मारला. बरोबरचे साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण म्हाताऱ्याच्या घरात खरे बाण होते आणि ते कशासाठी असतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बाण म्हणजे "इकडून तिकडे", फुली म्हणजे "करू नका", गोलातलं चित्र म्हणजे "मोठं करून दाखवलं आहे", ही सगळी शाळेत शिकलेल्यांची भाषा आहे. त्या दिवसापासून मी एक नियम केला. कच्चं चित्र घेऊन अनोळखी माणसासमोर बसायचं, "यात काय दिसते?" एवढंच विचारायचं, आणि मग तोंड बंद ठेवायचं. लागोपाठ तीन अनोळखी माणसांनी बरोबर सांगितलं तरच चित्र पक्कं करायचं. नोकरीत असेपर्यंत हा नियम मी सहसा मोडला नाही.

आणखी एक जुना राग आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फवारणीच्या विषानं आमच्या जिल्ह्यातली माणसं एकामागून एक दवाखान्यात भरती होत होती, त्या हंगामात वरून छापील पोस्टर आलं. त्यात पांढरा बंद सूट घातलेला, चष्मा, हातमोजे, तोंडावर मोठा मुखवटा असलेला माणूस फवारत होता. मी ते फवारणी करणाऱ्या मजुरांना दाखवलं. एकानं सांगितलं, हा ऑपरेशनचा डॉक्टर आहे. दुसरा म्हणाला, "हा फवारून नाई राह्यला. हा मेलेल्याले पाह्याले आला." मी घरी बसून दुसरं चित्र काढलं. पूर्ण बाह्यांचा सदरा, एका बाजूला झुकलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्याच बाजूला उडणारा गमछा, म्हणजे वारा कुठून येतो ते कळावं, आणि फवारणारा वाऱ्याकडे पाठ करून चाललेला. तिघांनीही पाहताक्षणी बरोबर सांगितलं. साहेबांनी मात्र चित्राला "दर्जा नाही" म्हणून ते कपाटात ठेवलं. ते बाहेर निघालं तोवर फवारणी संपली होती. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे होती ते मला अजून आठवतं.

तर मी निवृत्त झालो, आणि तीन वर्षांनी एक फोन आला.

मोठ्या शहरातली एक खासगी संस्था आमच्या जिल्ह्यात कापसासाठी प्रकल्प चालवत होती. गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटीची वाट लावलेली ती वर्षं. शेतकऱ्यानं मोबाइलनं पानाचा, बोंडाचा फोटो काढायचा आणि मोबाइलनं सांगायचं की पीक निरोगी आहे की रोग-कीड आहे. हे सांगण्याचं काम एआय करतो, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, असं मला प्रकल्पाच्या समन्वयकांनी समजावलं. पस्तिशीचे, अतिशय नम्र गृहस्थ. मला काका म्हणायचे. त्यांनी माझ्या हातात एक छापील चित्र ठेवलं आणि हे अकरा गावांत भिंतींवर हवं म्हणाले.

चित्रात निळा माणूस होता. तुळतुळीत डोकं, काचेसारखं, आत उजेडाच्या तारा. मोठे डोळे, गालात हसू, आणि एक हात शेतकऱ्याच्या खांद्यावर. खाली लिहिलेलं: तुमच्या शेतातला नवा मित्र.

मी विचारलं, हा कोण. ते म्हणाले, एआय. मी विचारलं, एआयला डोकं असतं का. ते हसले. नसतं, पण लोकांना ओळखता तर आलं पाहिजे, आणि इंटरनेटवर कुठेही शोधा, सगळ्या जगात एआय असाच काढतात. मी म्हणालो, दोन-तीन गावांत आधी दाखवून पाहतो. ते म्हणाले, उद्घाटन पंधरा दिवसांवर आहे, काका.

मी गप्प बसलो. याबद्दल दुसऱ्या कोणावर रागावण्याची सोय नाही. तीन वर्षं हात रिकामे होते. अकरा भिंती मिळतायत म्हटल्यावर मला बाकीचं काही ऐकूच येईना. आणि मी निळा माणूस नुसता काढला नाही, चांगला काढला. बुबुळ नेमकं डोळ्याच्या मध्यावर ठेवून त्यावर पांढरा ठिपका दिला की चित्र पाहणाऱ्याकडेच बघत राहतं, तो डावीकडे गेला तरी आणि उजवीकडे गेला तरी. धंद्यातली जुनी करामत आहे. ती मी अकराही ठिकाणी हौसेनं केली.

राळेगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर समाजमंदिराची भिंत रंगवत होतो तेव्हा एक बाई बराच वेळ मागे उभी होती. पन्नाशीची, हातभर गोंदण, डोक्यावर चाऱ्याचा भारा तसाच. तिचं नाव शेवंताबाई. नवरा राजूरला कोळशाच्या खाणीवर, पंधरा दिवसांनी घरी यायचा. शेत तीच करायची, आणि पऱ्हाटीबद्दल काही अडलं की तांड्यावरच्या बाया तिलाच विचारायच्या, हे मला नंतर कळलं. तिनं विचारलं, हा कोण. मी छापील उत्तर दिलं. मग तिनं विचारलं, हा आमच्या शेतात येऊन गेला का. मी शिडीवर होतो, डोळ्यातला पांढरा ठिपका देत होतो, हात थांबवायचा नव्हता. मी म्हणालो, "त्याले सगळं दिसते, बाई."

हे वाक्य मला कोणी छापून दिलेलं नव्हतं. ते माझंच.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. शेवंताबाई एसटीनं यवतमाळला आली, विचारत विचारत माझ्या घरी पोचली आणि कापडी पिशवी बैठकीत उपडी केली. अर्धवट उमललेली, काळपट, टणक बोंडं. आतला कापूस पिवळा, चिकटलेला. याला आमच्याकडे कवडी म्हणतात, आणि हातात घेतल्यावर ती कशानं झाली हे विचारावं लागत नाही. बायकोनं चहा आणला. शेवंताबाईनं तो शांतपणे प्यायला आणि मग सांगितलं.

दर वर्षी गणपतीच्या सुमारास ती शेताच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून वीस हिरवी बोंडं तोडायची आणि अंगठ्यानं फोडून आत पाहायची. गुलाबी अळी बोंडाच्या आत बसून खाते. बाहेरून बोंड कोवळं, हिरवं, चांगलं दिसतं. फोडल्याशिवाय काही समजत नाही. हे तिला कोणी तक्ता काढून शिकवलेलं नव्हतं. या वर्षी मात्र तिनं बोंडं फोडली नाहीत, फोटो काढले. मोबाइलवर हिरवी खूण आली आणि "पीक निरोगी" अशी अक्षरं आली. तांड्यावरच्या बायांनी तिला विचारलं. तिनं सांगितलं, अळी नाही. तिनं सांगितलं म्हणून सात घरांनी बोंडं फोडली नाहीत. पहिल्या वेचणीला सगळं बाहेर आलं.

नुकसानीचं ती फारसं बोलली नाही. तिचं दुखणं वेगळं होतं.

"माह्या शब्दावर सात घरं थांबली," ती म्हणाली. "आता पान्यावर गेली तं बाया सरकून उभ्या राह्यते. कोनी बोलत नाई."

मी म्हणालो, चित्र मला वरून दिलेलं होतं, मी फक्त रंगवलं.

"डोये तं तुमीच काढले ना?"

मी बायकोकडे पाहिलं. ती कपबशा उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्रकल्पाच्या कार्यालयात गेलो. समन्वयकांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या मोबाइलवर तेच ॲप उघडून तळाशी सरकवत सरकवत नेलं आणि एक ओळ दाखवली: हा केवळ अंदाज असून शेतकऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून खात्री करावी. म्हणजे आम्ही सांगितलेलंच आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवंताबाईनं मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत दिला.

"तुमचा अंदाज एवढ्या बारीक अक्षरात," ती म्हणाली, "अन डोये एवढाले मोठे."

ते म्हणाले, मावशी, कुठलंच तंत्रज्ञान पूर्ण अचूक नसतं, त्यातूनच ते शिकत जातं. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, पुढच्या कार्यक्रमात आपण मावशींचा प्रगतिशील महिला शेतकरी म्हणून सत्कार करू, म्हणाले. निळ्या माणसाच्या चित्रासमोर उभं करून. माझं वय झालं आहे, पण त्या क्षणी मला टेबल उलटवावंसं वाटलं. शेवंताबाई उठली आणि जिना उतरली. सात घरांत शब्द गेलेल्या बाईला शाल-नारळ. मी आयुष्यभर सरकारी कचेऱ्या पाहिल्या, पण इतकी गोड बेपर्वाई नव्हती पाहिली. आमचे साहेब निदान खेकसायचे, तेव्हा माणसाला कळायचं की आपल्याला हाकललं आहे.

आमच्या मागोमाग कार्यालयातली एक मुलगी खाली आली. केतकी तिचं नाव, वणीची, त्या ॲपचं काम करणाऱ्या इंजिनिअरांपैकी एक. आमचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं. समोरच्या चहाच्या टपरीवर तिनं मला पहिल्यांदा एआय म्हणजे काय ते सांगितलं. मी वहीत लिहून घेत गेलो.

ढिगानं फोटो गोळा करतात. माणसं बसवून प्रत्येक फोटोवर लिहून घेतात: हे निरोगी, हे रोगट. मग यंत्राला त्या ढिगात काय काय सारखं आहे ते शोधायला लावतात. आपण नवा फोटो दिला की तो ढिगातल्या कुठल्या फोटोंच्या जवळ जातो, एवढंच ते सांगतं. बोंड म्हणजे काय हे आपल्याला जसं माहीत असतं तसं त्याला नसतं. आणि त्यांच्या ढिगात बोंडांचे फोटो होते ते बाहेरून काढलेले. बोंडाला भोक दिसलं तर ते ओळखेल, पण भोक दिसतं तेव्हा अळी खाऊन-पिऊन बाहेर पडलेली असते. केतकीनं हे बैठकीत मांडलं होतं. पुढच्या आवृत्तीत पाहू, असं तिला उत्तर मिळालं होतं.

मी विचारलं, त्याला डोळे आहेत का. ती म्हणाली, कॅमेरा आहे. मी विचारलं, मग ते दिसतं कसं, मी काढू काय. हे मला कोणी विचारलंच नाही, ती म्हणाली.

तो पूर्ण हिवाळा मी एकच चित्र शिकत होतो. काय काढायचं तेच समजत नव्हतं. पहिल्यांदा पोपट काढला, शिकवलेलं बोलणारा. राळेगावच्या एसटी स्टँडवर दाखवला तर एक बाई म्हणाली, भविष्यवाला आला, आणि तिनं माझ्यापुढे हात केला. म्हणजे निळ्या माणसापेक्षाही वाईट. मग डोक्यातला मेंदू काढला, इंटरनेटवर तोही पुष्कळ दिसतो. तिघांपैकी तिघांनी फुलगोबी सांगितली, त्यातल्या एकानं गोबीची नवीन योजना आली का म्हणून चौकशी केली. पेटी आणि तारा काढल्या तर मोटरपंपाचा स्टार्टर. नुसता मोबाइल काढला तर रिचार्जचं दुकान. वही भरत चालली. एक मात्र मी ठरवलं होतं, चेहरा काढायचा नाही. चेहरा काढला की माणसं एकतर विश्वास ठेवतात नाहीतर घाबरतात, आणि या वस्तूच्या बाबतीत दोन्ही चूक.

शेवटी मी तांड्यावर गेलो. शेवंताबाईनं आधी दारातूनच वाटेला लावलं. आता कायले आले, म्हणाली. दुसऱ्या खेपेला केतकी बरोबर आली, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या गाडीवर. तिनं त्या ढिगातले बरेच फोटो छापून आणले होते. आम्ही ते अंगणात पोत्यावर पसरले. केतकीनं एक वेगळा फोटो शेवंताबाईच्या हातात दिला आणि सांगितलं, हा कोणासारखा दिसतो ते लावा. शेवंताबाई उकिडवी बसली, फोटो इकडून तिकडे फिरवत राहिली आणि तीन हिरव्या बोंडांच्या शेजारी तिनं तो ठेवला. केतकी म्हणाली, बस, मशीन एवढंच करतं.

शेवंताबाईनं तो फोटो उचलून उलटा केला.

"हे तं मीबी केलं," ती म्हणाली. "पन आत काय हाये ते मले कुठी समजलं?"

कुंपणाशी एक उशिराची पऱ्हाटी उभी होती. तिनं उठून तिचं हिरवं बोंड तोडलं, दोन्ही अंगठे जोडून फोडलं आणि आमच्यापुढे धरलं. आत अळी होती.

मी तिला तसंच बसायला सांगितलं आणि वही काढली. मागे फोटोंचा ढीग, आणि ते फोटो धरलेले पुष्कळ हात, कारण ते आभाळातून पडत नाहीत, माणसांनी काढलेले आणि माणसांनी निवडलेले असतात. पुढे बाईच्या तळहातावर मोबाइल, आणि मोबाइलमध्ये बोंड बाहेरून दिसतं तेवढंच. त्याच्या शेजारी, मोबाइलएवढेच मोठे, बोंड फोडणारे दोन अंगठे आणि आत अळी. मोबाइल मोठा काढला असता तर तो साहेब झाला असता. शेवंताबाईनं चित्र पाहिलं आणि हातावरचं गोंदण का नाही म्हणून विचारलं. मी म्हणालो, कोणाचेही हात वाटले पाहिजेत. ती म्हणाली, "माहेच काढा. चूक माही होती, तं हातबी माहेच पाह्यजे."

कळंब तालुक्यात एका शेतात फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पऱ्हाटीचा, कापूस वेचणाऱ्या बाया बाभळीखाली भाकर खात बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे चित्र ठेवलं आणि माझा प्रश्न विचारला. पहिल्या दोघी बरोबर बोलल्या, पण अडखळत. तिसरी हात पुसत जवळ आली. लोकांनी दाखवलेल्या बोंडांवरून हा मोबाइल अंदाज सांगून राह्यला, ती म्हणाली, पन फोडा तं लागतेच. तिनंच त्याला "अंदाजवाला मोबाइल" असं नाव दिलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण कुठल्याही बढतीचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

समन्वयकांनी चित्र पाहिलं आणि विचारलं, "काका, यात एआय कुठे आहे?"

मी म्हणालो, आहे तेवढा सगळा आहे.

त्यांना ते आवडलं नाही. यात काही स्मार्ट वाटत नाही, पैसे देणाऱ्यांना असलं दाखवता येत नाही, आणि निळा माणूस आता टोप्यांवर, बॅनरवर, वर्षाच्या कॅलेंडरवर गेलेला आहे. मी निदान भिंतींवरचा पुसू का विचारलं. तीन वर्षांचा करार आहे, म्हणाले. मी विचारलं, करारात डोळ्यांचा उल्लेख आहे का. ते माझ्याकडे करुणेनं बघू लागले. मग मी ग्रामपंचायतींकडे गेलो. भिंत गावाची आहे. निळा माणूस पुसून त्या जागी माझं चित्र काढायला नऊ ठिकाणी सरपंचांनी हो म्हटलं, एका ठिकाणी तीन चकरा माराव्या लागल्या, आणि तांड्यावर नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, सगळ्यांना बोलावलं.

त्या बैठकीत शेवंताबाई उभी राहिली. ती गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, बोलली, मला निम्मं कळलं. पण ती हात वर करून दाखवत होती ते कळत होतं: फोटो असा काढला, बोंड असं फोडायचं राहिलं. तिनं कोणाला दोष दिला नाही, मलासुद्धा नाही, आणि मी समोरच बसलो होतो. मग तिच्या बांधाला बांध असलेली एक म्हातारी माझ्याकडे वळून, मला समजावं म्हणून, वऱ्हाडीत म्हणाली, "मी हिले इचारलं. बोंडाले नाई इचारलं. माही काय कमी चूक हाये?" त्यानंतर पाण्यावर बोलणं हळूहळू सुरू झालं. दोन घरं अजून बोलत नाहीत. चित्र बदललं म्हणून माणसाचा गेलेला शब्द लगेच परत येतो असं मी इथं लिहिलं तर ते खोटं होईल.

निळा माणूस सहज जात नाही. ऑइल पेंटवर नवा रंग धरत नाही, आधी पत्र्यानं खरवडावं लागतं, मग घासपेपर, मग प्रायमर. तेवढं करूनही डोळे वर येत. एका गावात मला त्या डोळ्यांवर रंगाचे चार हात द्यावे लागले. पाठ आणि खांदे भरून येत, आणि मी स्वतःलाच शिव्या घालत असे, कारण हे डोळे टिकावेत म्हणून मीच तिथे चांगल्यातला रंग वापरला होता.

संस्थेनं मला एक नोटीस पाठवली. मी उत्तर दिलं नाही. वर्षभरात प्रकल्प शेजारच्या जिल्ह्यात गेला. निळा माणूसही गेला. तिथे दुसरा कोणी पेंटर आता बुबुळावर पांढरा ठिपका देत असेल, आणि मागे कोणी बाई उभी असेल. हे आठवलं की माझा चहा गार होतो. केतकी त्याच संस्थेत नोकरीला आहे. भांडून भांडून तिनं एक गोष्ट करून घेतली. बोंडाचा फोटो काढायला गेलं की ॲप आधी मोठ्यानं विचारतं, बोंड फोडून पाहिलं का. चित्र मात्र तिला बदलून मिळालं नाही.

मागच्या भाद्रपदात कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना स्टँडवर एका बाईनं मला थांबवलं. पोरगेलीशी, कडेवर लेकरू, जवळच्याच गावची. तुम्हीच पेंटर का, तिनं विचारलं. त्यांच्या गावच्या भिंतीवर अंदाजवाल्या मोबाइलचं चित्र होतं. मला वाटलं चांगलं म्हणेल.

तिनं सांगितलं, तुमची अळी चुकली.

मी विचारलं, कशी.

"लहान असते तवा थे पांढरी राह्यते," ती म्हणाली. "मोठी झाल्यावर गुलाबी होते. तुमी गुलाबीच काढली. आमच्याकडच्या पोरी बोंड फोडते, पांढरी दिसली का हे वायली अळी हाये म्हनून फेकून देते."

मी तिच्याशी दोन मिनिटंही हुज्जत घातली नाही, कारण हुज्जत घालण्यासारखं काही नव्हतं. तिचं बरोबर होतं. मी, केतकी, शेवंताबाई, आम्ही मोठी अळी पाहिली आणि मोठीच काढली. निळा माणूस अकरा गावांत होता, पण नुकसान होण्याआधी त्याची एकही चूक मला कोणी येऊन सांगितली नव्हती.

तिनं तिची एसटी सोडली आणि मला पिशवीतल्या कागदावर पेन्सिलनं अळी काढायला लावली. डोकं काळं, अंग पांढरं, केवढी ते बोटाच्या नखावर दाखवलं. दोनदा खोडायला सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, हं, आता हाये.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी तिच्या गावाला गेलो, पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन. तिथून पुढच्या गावाला. दहा भिंती झाल्या आहेत, तांड्यावरची तेवढी बाकी आहे; तिथली अळी आधी शेवंताबाईला दाखवायची आहे.